अर्धी वाटी पेज

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास फोन आला. नाव सांगत नाही, पण फोंड्याच्या बाजारात मला हमखास भेटणारी बाई. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, बांगड्याचा भाव झाला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते झालं आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "तुला एक विचारायचं होतं... तू ते पोटाचं ऑपरेशन केलं होतंस ना? इंदूरला? खूप दुखतं का गो?"

मी क्षणभर गप्प. कारण या बाईला मी तेव्हा पित्ताशयाचे खडे काढायला गेले होते असं सांगितलं होतं. तिलाच काय, सगळ्यांनाच. शाळेत, वाड्यावर, नात्यागोत्यात. खोटं बोलायची मला सवय नाही हो, पण ते एक खोटं मी फार नेटाने बोलले. ते का बोलले आणि त्याचं पुढे काय झालं, हे आज लिहून टाकायचं ठरवलंय. तिला फोनवर सगळं सांगता आलं नाही. इथे सांगते.

गोष्ट डिसेंबर २०१८ ची. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन एकशे अठरा किलो. हा आकडा आज सहज लिहिला, पण तेव्हा तो नवऱ्यालाही माहीत नव्हता. मधुमेह होता, इन्सुलिन सुरू होतं. झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकावर सीपॅपचा मुखवटा लावून झोपायचे. गुडघ्यांचं तर विचारूच नका. शाळेत पहिल्या मजल्यावरचे वर्ग हेडमास्तरांनी न मागता दुसऱ्यांना दिले होते, त्याचं मला बरंही वाटायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं.

पण खरा घाव लागला तो पायलटमुळे. आमचे गोव्याबाहेरचे वाचक विमानाचा पायलट समजतील, तर तसं नाही, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर माणसं नेणारा आपला पायलट. फोंड्याच्या स्टँडवर एकदा घाईत होते. तो तोंडाने काही बोलला नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा मागच्या चाकाकडे. मग म्हणाला, "बाय, तुमी रिक्षान वचात." चांगल्या भावनेनेच म्हणाला. मी रिक्षाने गेले.

यापूर्वी मी काय काय केलं नव्हतं? डाएट झालं, योग झाला, सकाळी लिंबू-मध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून तीन महिने शीत सोडलं. गोव्यातल्या बाईने शीत सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दरवेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत यायचे. लोक म्हणायचे, जिभेवर ताबा नाही. मलाही तेच वाटायचं. पुढे इंदूरच्या डॉक्टरांनी समजावलं की एवढं वजन वाढलं की शरीर तेच आपलं वजन धरून बसतं. उतरलं की भूक वाढवतं, आत जळण कमी करतं आणि गेलेलं परत आणायच्या मागे लागतं. हे ऐकून मला रडू आलं होतं. वीस वर्षं ज्याला मी माझं पाप समजत होते, त्यात माझा वाटा होता, पण सगळाच माझा नव्हता.

इंदूरच का, असं पुष्कळांनी नंतर विचारलं. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली. रामबागेत तिचं सासरचं जुनं घर आहे. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी माणूस रुजलेला, आजही तिथे 'सानंद'ची मराठी नाटकं हाऊसफुल्ल होतात. बहिणीच्या सासूबाई नव्वदीच्या घरातल्या. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडायचं. "काय होऊन राहिलंय तुला?" असं त्या विचारायच्या आणि त्यातल्या 'राहिलंय'मध्ये सगळा माळवा असायचा. दुसरं म्हणजे पोट लहान करायची ही ऑपरेशनं इंदुरात खूप होतात, लांबलांबून माणसं येतात. आणि तिसरं, खरं कारण. इंदूर गोव्यापासून लांब आहे. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

लाज होती ती याची. वजन वाढवलं स्वतः आणि आता कापून घेते, आयतं. असं लोक म्हणणार हे मला पाठ होतं, कारण दुसऱ्यांबद्दल मी स्वतः तसं म्हटलेलं होतं. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतल्याची बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये जे विनोद झाले, त्यात हसणाऱ्यांत मी पुढे होते.

घरच्यांची भीती वेगळी. नवऱ्याने सरळ सांगितलं, "भरल्या घरातून चालत जाऊन कोण पोट कापून घेतं गो?" त्याच्या डोळ्यांसमोर इमान अहमद होती. आठवते ना? इजिप्तची, जगातली सर्वांत वजनदार बाई म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला मुंबईच्या सैफी हॉस्पिटलात आणलं, पाचशे किलोच्या आसपास वजन सांगत होते. मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरात ती गेली. ती गेली तिच्या जुन्या, कितीतरी दुखण्यांनी. पण टीव्हीवर पाहणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच, की ऑपरेशन केलं आणि बाई मेली. मी नवऱ्याला सांगितलं की डॉक्टर म्हणतात, या ऑपरेशनमधला जिवाचा धोका हजारात एक-दोन, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. तो म्हणाला, "त्या हजारांत ती एक कोण ते सांगितलं काय त्यांनी?" याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या गावच्या देवळात जाऊन कौल घेऊन आल्या. मूर्तीला पाकळ्या लावतात आणि उजवी पडली की हो, डावी पडली की नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. भट गाऱ्हाणं घालून थांबले, आणि पाऊण तास कुठलीच पाकळी पडली नाही. मग डावी पडली. सासूबाई घरी आल्या, पाय धुतले आणि मला काहीच सांगितलं नाही. मला हे कळलं दीड वर्षाने. "का सांगितलं नाहीत?" विचारलं तर म्हणाल्या, "तुझी तिकिटां जाल्लीं मगो."

असो. पैशाचंही बोलून टाकते, कारण फोनवरच्या बाईने तेही विचारलं. तेव्हा विमा कंपनीने लठ्ठपणाच्या इलाजाला साफ नकार दिला. मी आईने दिलेली दोन मुदत ठेवींची कागदपत्रं बँकेत नेऊन मोडली. नंतर नियम बदलले, २०२० पासून ठराविक अटींत बसलं तर विम्याला ते नाकारता येत नाही. तिने आपली पॉलिसी काढून नीट वाचावी.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं असतं. प्रोटीनची पूड, ताक, सूप. कारण असं की आमच्यासारख्यांचं यकृत चरबीने फुगून पोटावर पसरलेलं असतं, ते आकसलं की सर्जनच्या दुर्बिणीला वाट मिळते. हे दोन आठवडे मी काढले कुठे, तर इंदुरात! ज्या शहरात सकाळ पोहे-जलेबीने उजाडते, वाफेवरचे पोहे, वर शेव, कच्चा कांदा आणि तो जीरावन मसाला. छप्पन दुकान नावाचा अख्खा रस्ताच खाण्याचा. आणि रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. भुट्टे का कीस, मालपुवा, रबडी, थंडीच्या दिवसांत तळलेला गराडू. भाचा हौसेने मला बघायला घेऊन गेला. हवेत द्रोण उडवून झेलत दहीवडा देणारा तो माणूस मी बघितला, टाळ्या वाजवल्या आणि पिशवीतल्या बाटलीतून ताक प्याले. आजूबाजूला सगळं इंदूर खात होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी मयताला आले आहे. कुणाच्या, तर माझ्याच. जी बाई शनिवारी मडगावहून चोणाक आणून स्वतः साफ करायची, चवथीला शंभर नेवऱ्या वळून त्यातल्या दहा उभ्या उभ्या खायची, ती परवा मरणार होती. उरेल ती कोण?

जेवणाची भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी होती, हे डॉक्टरांना सांगायला मला लाज वाटली. तिथे एक समुपदेशक बाई होत्या, त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सगळेच हे सांगतात, फक्त आधी मुलांचं कारण देतात.

माझ्यासाठी ठरलं होतं बायपास. ऍसिडिटीचा जुना त्रास आणि मधुमेह, म्हणून नुसतं पोट लांबोळकं कापण्यापेक्षा हे बरं, असं मत पडलं. यात पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहान पिशवी शिवून वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. बाकीचं पोट जागच्या जागी राहतं, फक्त अन्न त्यात जात नाही. ही कल्पना अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांची, १९६६ च्या सुमाराची. अल्सरसाठी पोटाचा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या आईच्या लग्नाच्या आसपासची ही गोष्ट, आणि आम्ही अजून त्याला नवीन फॅड म्हणतो.

आदल्या दिवशी बहीण खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात, काम झालं की येऊन सुलटं काढायचं. देवळाचा हा गणपती अहिल्याबाईंच्या काळचा. मी म्हटलं, उलटं राहिलं तर? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताय, तू गप्प पड."

संमतीपत्रावर सही करताना माझं अक्षर शाळेतल्या पोराचं झालं होतं. गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं, सगळं छापलेलं. मुलाला पत्र लिहून बहिणीकडे ठेवलं. तेरा वर्षांचा होता तो. पत्रात काय लिहावं सुचेना, शेवटी त्याच्या मुंजीच्या दागिन्यांची चावी कुठे आहे ते लिहिलं.

दुखतं का? तर सांगते. पोटावर पाच भोकं असतात, ती फार दुखत नाहीत. दुखतो तो उजवा खांदा. दुर्बीण घालायला पोटात गॅस भरतात, तो थोडा मागे राहतो आणि कळ खांद्यात निघते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे शुद्धीवर आले तेव्हा हार्ट अटॅक आला अशीच माझी खात्री. नर्सने "दीदी, चलने से जाएगा" म्हणून त्याच संध्याकाळी उभं केलं. पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आणि हातात ते तीन चेंडूंचं यंत्र, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू जेमतेम हलला. दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं, औषधाच्या इवल्या पेल्यात तीस मिली, ते पंधरा मिनिटांत घोट घोट करून संपवायचं. घाईने घेतलं तर छातीत दगड अडकल्यासारखं होतं. पाणीसुद्धा नव्याने प्यायला शिकावं लागतं.

एक चमत्कार मात्र तिथेच बघितला. ऑपरेशनपूर्वी दिवसाला साठाच्या वर युनिट इन्सुलिन लागायचं. चौथ्या दिवशी घरी जाताना डॉक्टरांनी ते बंद केलं. वजन अजून तीन किलोही उतरलं नव्हतं. अमेरिकेत डॉ. वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्येच आपल्या रुग्णांचे आकडे मांडून दाखवलं होतं की या ऑपरेशनने मधुमेह काही दिवसांतच हटायला लागतो. आतड्याचा रस्ता बदलला की तिथून निघणारे हार्मोन बदलतात. माझा मधुमेह कायमचा गेला असं मी म्हणणार नाही. आज एक गोळी आहे. पण सुई परत आली नाही.

आता पेजेची गोष्ट. रामबागेत आल्यावर बहिणीने पहिलं काम केलं ते म्हणजे गोव्याहून माझ्याच बॅगेतून आणलेले उकडे तांदूळ रटरट शिजवले आणि वरचं पाणी गाळून, मिठाचा खडा टाकून मला दिलं. सकाळचे अकरा वाजले होते. अकराची पेज! तो वास आला आणि मी वाटी हातात धरून रडत बसले. आपल्याकडे आजाऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, शेतावरून आलेल्याला पेज, सोबत कालची कडी नाहीतर खारं. मला वाटलं की झालं, मी वाचले. दुपारी आहारतज्ज्ञ मुलीचा फोन आला. आज काय घेतलं? मी ऐटीत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मांड? उसमें तो सिर्फ स्टार्च है, आंटी. प्रोटीन कहाँ है?" दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन जायला हवं आणि पोटात जागा चार चमच्यांची. त्यात पेजेने जागा अडवायची नाही. मला तिचा इतका राग आला! बावीस-तेवीस वर्षांची पोर आमच्या पेजेला नावं ठेवते. पण हिशेब तिचाच बरोबर होता. मग आजींनी तोडगा काढला. मुगाच्या डाळीचं पाणी, त्यात प्रोटीनची पूड आणि शेवटी दोन चमचे पेज, "तोंडाला म्हणून." नंतर मऊ अन्नाचे दिवस आले तेव्हाही तेच, आधी पनीर किंवा अंडं, मग तोंडाला पेज.

नवव्या दिवशी रात्री अंग तापलं. शंभर-एकच्या आत ताप, पण नाडी एकशे पंचवीस. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की पोट दुखायच्या आधी नाडी बोलते. जोडाच्या ठिकाणी गळती झाली तर पहिलं लक्षण हेच. मेहुण्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर डोकं, राजवाड्याच्या बाजूने जाताना रात्री बाराला सराफ्याकडची वर्दळ दिसली, तळणीचा वास आला. मी मनात म्हटलं, हे बघत मरायचं होतं होय? मला देव आठवला नाही. डावी-उजवी पाकळी तर तेव्हा मला ठाऊकच नव्हती. एवढंच वाटत होतं की मुलाला खरं सांगून यायला हवं होतं. त्यालाही मी पित्ताशयाचे खडे म्हणून सांगितलं होतं.

औषध पाजून सीटी स्कॅन केला. गळती नव्हती. फुप्फुसाचा खालचा कोपरा नीट फुललेला नव्हता आणि अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. चेंडूंच्या यंत्राचा मी कंटाळा केला होता आणि पाण्याचा त्याहून जास्त. दोन दिवस सलाईन लागलं. दोष कुणाचा नाही, माझाच. म्हणून फोनवरच्या बाईला मी हे दोनदा सांगितलं. चेंडू आणि पाणी. चेंडू आणि पाणी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेहुण्यांनी देवासला नेलं. पाऊण-एक तासाचा रस्ता. ते गाण्यातले वेडे. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे, भानुकुल. आम्ही आत गेलो नाही, रस्त्यावरूनच बघितलं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा क्षय झाला म्हणून १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी इथे आला आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून राहिला. गाणं बंद, डॉक्टरांची सक्त मनाई. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत पडायचं. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि माणूस उठला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी, लांब दमसास गेलेला. तेव्हा छोटे छोटे तुकडे, मध्ये थांबणं, पुन्हा एकदम उसळणं, असं ते गाऊ लागले. मेहुणे गाडीतल्या कॅसेटवर हे मला दाखवत होते, "इथे बघा ताई, श्वास घेतला." तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. पण परतताना प्रोटीनचं ताक घोट घोट पिताना मला घोटांचा कंटाळा आला नाही, हे खरं.

गोव्यात परत आले आणि इथून पुढचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, न्हाणीत मुठीने. सहा महिन्यांनी परत आले, पण ते दिवस वाईट. चेहरा उतरला, गळ्याची कातडी लोंबली. शाळेत सरस्वतीपूजनाच्या प्रसादाचा शिरा हातावर पडला तो खाल्ला, नाही कसं म्हणायचं? पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने पोलका भिजला, स्टाफरूमच्या बाकावर आडवी पडले. साखर एकदम आतड्यात गेली की असं होतं. आणि बघता बघता बातमी फुटली, पित्ताचे खडे नाहीत, बाईंना कॅन्सर आहे.

खोट्याचं भाडं असं भरावं लागलं. बाजारात लोक हात धरून "जिवाक बरें आसा मगो?" विचारायचे आणि डोळे पुसायचे. मला आधी गंमत वाटली. मग एका रात्री उठले तर मुलाच्या खोलीत दिवा. तो कॉम्प्युटरवर काहीतरी वाचत होता, मी आल्यावर बंद केलं. कितीदा विचारल्यावर म्हणाला, "आई, कुठल्या स्टेजचा आहे?" वर्गातल्या पोरांनी दोन महिन्यांपूर्वी त्याला सांगितलं होतं. दोन महिने तो हे एकटा घेऊन फिरत होता, माझ्या ताटात किती आहे ते मोजत होता. मी मऊ भात चार घास खाऊन उठले की त्याचंही जेवण थांबायचं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या रात्री त्याला पोटाचं चित्र काढून सगळं समजावलं. आधी विश्वास बसेना. मग पोटावरची पाच भोकं दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि रागाने म्हणाला, "एवढंच होतं तर सांगायला काय झालं होतं?" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये उभी राहून सगळ्यांना सांगितलं. गडकरींवरच्या विनोदासकट. एकजण म्हणाली, म्हणजे आयतंच की. म्हटलं, हो, आयतंच.

आकडे हवेत ना? दीड वर्षात एकशे अठराचे एकाहत्तर झाले. मग कोविड, घरात बसणं, चकल्या. पिशवी लहान असली तरी चकली त्यातून भुरभुर निघून जाते, हे कळायला मला वेळ लागला नाही. आज काटा ऐंशी दाखवतो. रोज बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, त्या मरेपर्यंत. दर वर्षी रक्त तपासणं. मुखवटा माळ्यावर आहे. कदंबच्या बसमध्ये दोघांच्या सीटवर आता शेजारी कोणीतरी येऊन बसतं, याचा आनंद कुणाला सांगून कळायचा नाही. खजराण्याचं स्वस्तिक बहिणीने सुलटं केलं. उलटं स्वस्तिक शोधायला तिला बराच वेळ लागला म्हणे, भिंतभर सगळ्यांचीच होती.

फोनवरच्या बाईने इंजेक्शनांचंही विचारलं. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी, आणि आता प्रत्येकाच्या तोंडी तेच. माझ्या वेळी ती असती तर मी आधी तीच घेतली असती काय? बहुतेक घेतली असती. तिने काय घ्यावं ते तिच्या डॉक्टरने सांगावं, मी मास्तरीण. एवढंच म्हटलं की नवऱ्याला आणि मुलींना सांगूनच काय ते कर. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील गो?" मी म्हटलं, कॅन्सर म्हणतील.

ती हसली. मग पुन्हा तोच प्रश्न, जो तिला मघापासून खरा विचारायचा होता. "आणि हुमण? हुमण-शीत खाता येतं?"

रविवारी तिला जेवायला बोलावलंय. बांगडे मिळाले तर हुमण करीन. माझी वाटी केवढी असते ते तिने आपल्या डोळ्यांनी बघावं.